भाडेपावती कुणाच्या नावावर?

गेल्या दिवाळीच्या तोंडावर अण्णा माझ्या ऑफिसात आले ते हातात मसाल्याचं पाऊच घेऊन. सांगली भागात त्यांचा काळा मसाला आणि कांदा-लसूण चटणी बरी चालते. मी त्यांचे जीएसटीचे रिटर्न भरतो, आणि ज्या कशात 'ऑनलाइन' हा शब्द येतो ते सगळं माझंच खातं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. पाऊचच्या पाठीवर वेबसाइटचा पत्ता छापलेला होता. तो त्यांनी मोबाइलवर उघडला आणि मोबाइल माझ्यापुढे सरकवला. मसाला कुठेच नव्हता. रमी होती, आणि पहिल्या डावाला बोनस.

"सर, हे कुणी केलं?"

खरं उत्तर असं होतं की कुणीच काही केलं नव्हतं. सात-आठ वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाने वेबसाइट करून दिली होती. त्यानेच डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेतलं, त्याच्या ई-मेलवर, त्याच्या कार्डावर. पुढे तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला, नंबर बदलला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या मेलबॉक्समध्ये येऊन पडत राहिल्या. मुदत संपली, नाव सुटलं आणि अशा सुटलेल्या नावांवर टपून बसलेल्या कुणीतरी ते उचललं. त्या मुलाने फसवलं म्हणावं, तर त्याने फसवलं नव्हतं. अण्णांकडे कागद किती, तर त्याने दिलेली एक पावती. तिच्यावर 'वेबसाइट काम' एवढंच लिहिलेलं. नाव कुणाच्या नावावर आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही, हे इथे कबूल करून टाकतो.

मुंबईत पागडीच्या खोलीत वाढलेल्या माणसाला डोमेनची व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. खोली आपली नसते, पण आपलीच असते. भाडं किरकोळ, पण ते वेळच्या वेळी भरायचं आणि पावती जपायची. उद्या वाद झालाच तर खोलीत कोण झोपत होतं यापेक्षा पावती कुणाच्या नावाने फाटत होती, हे आधी विचारलं जातं. 'डोमेन विकत घेतलं' हे आपण बोलण्यापुरतं म्हणतो. तिथे विक्री नसतेच. एका वेळी फार तर १० वर्षांचं भाडं आगाऊ भरता येतं. डॉट कॉमसारख्या नावांत मुदत संपली की विक्रेत्याच्या मर्जीप्रमाणे काही दिवसांची सवलत मिळते, मग ३० दिवस जादा पैसे भरून नाव सोडवून घेण्याची सोय असते, मग ५ दिवस ते कुणाच्याच हातात नसतं, आणि त्यानंतर जो पहिला पोचेल त्याचं.

विसरण्याचा आजार फक्त मसालेवाल्यांना होतो असंही नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉम या नावाचं भाडं भरायला विसरली आणि हॉटमेलचे लोक लॉग-इनसाठी खोळंबले. शेवटी लिनक्सवर काम करणाऱ्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून नाव चालू करून दिलं. मायक्रोसॉफ्टचं नशीब चांगलं होतं. शिवाय भाडं वेळेवर भरूनही घरमालकाचे नियम बदलू शकतात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, १ जानेवारी २०२१ पासून, ब्रिटनमधल्या व्यवसायांची हजारो डॉट ईयू नावं आधी बंद झाली आणि पुढे काढूनच घेतली गेली. भाडं थकलं नव्हतं, राहण्याची अट बदलली होती.

आपल्याकडेही नियम बदलताहेत, तेही दार आवळण्याच्या दिशेने. भारताच्या डॉट इन नावांचा घरमालक म्हणजे निक्सी, २००३ साली सरकारच्या पुढाकाराने उभी राहिलेली ना-नफा कंपनी. एके काळी डॉट इन नाव घेताना फॉर्ममध्ये काय भरलंय याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. आता ई-केवायसी आहे. पॅन, आधार, जीएसटीचं प्रमाणपत्र असा काही पुरावा द्यायचा आणि ओळख पटवायची. नाव घेणाऱ्याचा चेहरा झाकून देण्याची जी सेवा डॉट कॉमवाल्यांना मिळते, ती डॉट इनमध्ये चालत नाही. हे सगळं योग्यच आहे. आपल्याकडे खोट्या वेबसाइटविरुद्ध दावा लावायचा तर प्रतिवादी म्हणून 'अशोक कुमार' असं नाव टाकण्याची रीत आहे. समोरचा कोण हे माहीत नसलं की कोर्टाच्या कागदावर तो अशोक कुमार होतो. ज्या देशात इतके अशोक कुमार मोकाट फिरतात, तिथे पॅन मागितला म्हणून कुरकुर करण्यात अर्थ नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. या नियमाने नाव घेणारा माणूस कोण हे कळतं. त्या नावाशी त्याचा संबंध काय, हे विचारलंच जात नाही. अण्णांच्या धंद्याच्या नावाचं डोमेन त्या मुलाने आज नव्याने घेतलं असतं तर त्याने स्वतःचा पॅन दिला असता, ओळख पटली असती, आणि सगळं नियमात बसलं असतं. उलट, पूर्वी निदान 'फॉर्ममध्ये काय वाट्टेल ते भरलेलं असतं' असं म्हणून भांडायला जागा होती. आता सरकारी तपासणीतून गेलेली पावती त्या मुलाच्या नावाची. वेबसाइट करून देणाऱ्यानेच नाव घ्यायचं ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. ती तशीच ठेवून केवायसी लावली, तर चुकीच्या भाडेकरूचं नाव पक्क्या शाईने लिहिलं जाईल.

हक्क तपासायचा म्हटलं तर तो तपासता येतो, हे बँकांच्या बाबतीत आपणच करून दाखवलंय. ७ फेब्रुवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी फक्त बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' जाहीर केलं. २२ एप्रिलला परिपत्रक निघालं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना तिकडे जायला सांगितलं. त्यात स्टेट बँक आली, तशाच आपल्या नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही आल्या. ही नावं कुठल्याही विक्रेत्याकडे मिळत नाहीत. रिझर्व्ह बँकेनेच १९९६ साली हैदराबादला स्थापन केलेली आयडीआरबीटी ही एकच संस्था ती देते, आणि बँक असल्याशिवाय देत नाही. 'बँक' हा शब्द नावात मिरवण्याची हौस असलेल्या पतसंस्थांना तिथे जागा नाही, आणि ते बरंच आहे. ज्या महाराष्ट्रात बुडीत ठेवींच्या इतक्या कहाण्या घरोघरी आहेत, तिथे पत्त्यातले हे दोन शब्द शंभर जाहिरातींपेक्षा जास्त उपयोगाचे.

एक मात्र लोकांना शिकवावं लागेल. डोमेन उजवीकडून वाचायचं असतं. टपालाच्या पत्त्यात आपण आधी घर, मग गल्ली, मग मुक्काम पोस्ट, तालुका आणि शेवटी जिल्हा लिहितो. पत्र कुठल्या जिल्ह्यात जायचं ते शेवटच्या ओळीवर ठरतं. डोमेनचंही तसंच आहे. एखाद्या भामट्याने सुरुवातीला बँकेचं नाव, मग 'बँक', मग 'इन' आणि त्याच्याही पुढे स्वतःचं भलतंच काहीतरी डॉट कॉम जोडलं, तर डावीकडून वाचणारा फसतो. त्याला वाटतं आपण बँकेत उभे आहोत, आणि उभा असतो तो भामट्याच्या अंगणात.

तर बँकांना भिंत, फाटक आणि वॉचमन मिळाला. अण्णांना काय मिळालं? पॅन कार्डाची झेरॉक्स द्यायला सांगण्यात आलं.

यावर वकील मंडळी सांगतात की कायदा आहेच. आहे, आणि चांगला आहे. १९९९ साली रेडिफ या वेबसाइटच्या मंडळींनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, कारण कुणीतरी 'ई'च्या जागी 'ए' घालून 'रॅडिफ' असं नाव घेतलं होतं. न्यायालयाने ते थांबवलं. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे या इंटरनेट कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की डोमेन हा नुसता पत्ता राहिलेला नाही. ते व्यापारचिन्हासारखं काम करतं आणि तसंच संरक्षण त्याला मिळू शकतं. डॉट इनसाठी निक्सीची स्वतःची लवादाची व्यवस्था २००५ पासून आहे. तिच्यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. जगभरातल्या डॉट कॉमच्या वादांत तक्रारदाराला दोन्ही दाखवावं लागतं, की नाव वाईट हेतूने घेतलं आणि ते वाईट हेतूने वापरलंही. आपल्याकडे 'किंवा' आहे. दोहोंपैकी एक दाखवलं तरी पुरतं. ज्याने तो 'किंवा' मसुद्यात घातला, त्याला कुणीतरी चहा पाजायला हवा.

पण हा सगळा कायदा कुणाच्या उपयोगी पडतो? ज्याचा ट्रेडमार्क नोंदलेला आहे किंवा ज्याची कीर्ती कोर्टात सिद्ध करता येण्याजोगी आहे त्याच्या. अण्णांची कीर्ती मिरज ते विटा एवढी. ती पुराव्याने मांडायची तर बिलं, जाहिराती, व्यापाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं आणि वकिलाच्या इंग्रजीतले कागद. त्या वकिलाच्या फीमध्ये दोन महिन्यांची मिरची येते. बरं, मोठ्या कंपन्यांचंही सुरळीत होतं असं नाही. हिंदुस्तान युनिलिव्हरच्या नावाने खोट्या एजन्सी वाटणाऱ्या वेबसाइट निघाल्या, तेव्हा २०२० मध्ये कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्या आदेशात ही यंत्रणा चालते कशी ते फोड करून सांगितलं. डोमेनची नोंदणी यंत्रवत होते, तिथे नावं तपासायला माणूस बसलेला नसतो, आणि एखादं नाव कायमचं 'ब्लॉक' करून टाका असं नावं देणाऱ्या विक्रेत्याला सांगून उपयोग होत नाही. एक नाव थांबवलं की अक्षर इकडचं तिकडे करून दुसरं घेता येतं.

अक्षर इकडचं तिकडे करणं तर आपल्या भाषेत फारच सोपं. मराठी नाव रोमन लिपीत गेलं की त्याची शकलं होतात. 'लक्ष्मी' एक्स घालून लिहायची की के-एस-एच घालून? 'श्री'ला शेवटी आय की डबल ई? 'हापूस'मध्ये यू की डबल ओ? 'वहिनी'ला व्ही की डब्ल्यू? इंग्रजी नावाच्या धंद्याला एक स्पेलिंग सांभाळलं की झालं. 'श्री लक्ष्मी मसाले' म्हणवणाऱ्याला निदान चार सांभाळावी लागतात, आणि प्रत्येकाचं भाडं वेगळं. यावरचा उपाय म्हणून देवनागरी डोमेन आलं. २७ ऑगस्ट २०१४ ला 'डॉट भारत' सुरू झालं, त्यात पहिल्याच फेरीत मराठी आणि कोकणीही होत्या. कल्पना उत्तम. तरी दुकानांच्या पाट्यांवर देवनागरी दिसते आणि त्याच पाटीवर वेबसाइटचा पत्ता रोमनमध्येच. कारण मोबाइलवर पत्ता टाइप करताना आपली बोटं रोमनच शोधतात, आणि देवनागरी ई-मेल पुष्कळ फॉर्मांना अजून पचत नाही. घेऊन ठेवावं असं हे नाव आहे, भिस्त ठेवावी असं अजून झालेलं नाही.

आणि जिथे नाव एका धंद्याचं नसून गावाचं असतं, तिथे तर गोंधळाला पारावार नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्या नावाचे धनी. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मिलानमधल्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल दिसली तेव्हा केवढा गहजब झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण 'कोल्हापुरी' हा शब्द असलेलं डोमेन उद्या कुणीही, कुठेही बसून घेऊ शकतो, आणि त्याला पॅनपलीकडे काही विचारलं जाणार नाही. मिलानवर संतापलेले आपण याबद्दल अवाक्षर काढत नाही.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा. हक्क तपासायला लागलात की धंदे वेबसाइट करायचेच नाहीत, असं म्हणतात, आणि याला पुरावा आहे. २००५ च्या आधी डॉट इनचे नियम कडक होते, कागदपत्रं मागितली जात. त्या काळात, २००४ पर्यंत, जेमतेम ७,००० नावं नोंदली गेली होती. २००५ च्या सुरुवातीला धोरण सैल केलं, ट्रेडमार्कवाल्यांना आधी संधी देऊन मग दार सगळ्यांना उघडलं, आणि २०१० पर्यंत आकडा सहा लाखांच्या वर गेला. म्हणजे फाटकावर वॉचमन बसवला की चोर थांबतो तसा पाहुणाही थांबतो. मी दुकानदारांचे कागद गोळा करून पोट भरतो, त्यामुळे एक जादा कागद मागितला की माणूस किती दिवस फिरकत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. सगळ्यांसाठी हक्काची तपासणी सक्तीची करा असं मी म्हणणार नाही.

पण सक्ती आणि मोकाटपणा यांच्या मध्ये बरीच जागा आहे, आणि इतरांनी ती वापरली आहे. ब्रिटनने २०१४ मध्ये थेट डॉट यूके नावं उघडली तेव्हा डॉट सीओ डॉट यूके चालवणाऱ्याला तेच छोटं नाव घ्यायला पाच वर्षं राखून ठेवली. ऑस्ट्रेलियाने २४ मार्च २०२२ ला थेट डॉट एयू सुरू केलं, तेव्हा आधीच्या नावधारकांना २० सप्टेंबरपर्यंत अग्रहक्क दिला. शिवाय तिथे नाव घ्यायचं तर ऑस्ट्रेलियाशी नातं दाखवावं लागतं. हे बघून कुणी धंदा बंद केल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडे तर धंद्याची ओळख सांगणारे क्रमांक आधीच ढीगभर आहेत. शॉप ॲक्ट आहे, जीएसटी आहे, १ जुलै २०२० पासून लहान उद्योगांची 'उद्यम' नोंदणी आहे. डोमेन घेताना एक साधा प्रश्न विचारायचा, की हे नाव तुम्ही स्वतःसाठी घेताय की दुसऱ्या कुणाच्या धंद्यासाठी. दुसऱ्यासाठी असेल तर त्या धंद्याचा जीएसटी किंवा उद्यम क्रमांक द्या. पावती धंद्याच्या नावाने फाटेल आणि वेबसाइट करणाऱ्याचं नाव 'तांत्रिक काम पाहणारा' म्हणून खाली येईल. त्याचं काम, त्याचे पैसे, काहीच बुडत नाही.

जोडीला बँकांसारखंच एक कुंपण लहान धंद्यांसाठी उभारता येईल. ज्याला हवं त्याने यावं, पण आत येताना नोंदणी दाखवावी, आणि आधीपासून ते नाव चालवणाऱ्याला काही महिने पहिला मान मिळावा. दोन लक्ष्मी मसाले आले तर? येतीलच. चितपट करण्याऐवजी नावाला गावाचं नाव जोडून दोघांना जागा देता येते. सराफ कट्ट्यावर एकाच आडनावाची तीन दुकानं पिढ्यानपिढ्या गुण्यागोविंदाने नसली तरी शेजारी-शेजारी चालतातच.

मला यातली सगळ्यात सोपी गोष्ट वाटते ती मेसेजची. रिटर्न राहिला की जीएसटीकडून अण्णांच्या मोबाइलवर एसएमएस येतो आणि ते मला फोन करतात, कधी कधी रात्री साडेनऊला. म्हणजे अण्णांपर्यंत पोचायचं कसं हे सरकारला माहीत आहे. डोमेनची मुदत संपतानाचा इशारा मात्र बंगळुरूच्या एका विसरलेल्या ई-मेलवर इंग्रजीत जातो. तोच मेसेज मराठीत, धंद्याच्या नोंदलेल्या नंबरावर आला असता तर रमीवाल्याला ते नाव मिळालं नसतं.

यंत्रणा सुधारेपर्यंत धंदेवाल्याने हात बांधून बसायचं नाही, हे उघड आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आता रिटर्नच्या कागदांसोबत डोमेनचा तपशील मागतो. नाव कुणाच्या नावावर आहे, कुठल्या ई-मेलवर आहे, मुदत कधी संपते, दुसऱ्या विक्रेत्याकडे न्यायचं झालं तर लागणारा कोड कोण काढू शकतो. दहातले सहा-सात जण कपाळाला आठ्या घालून म्हणतात, "ते पोराला माहीत असेल." हे माझ्या टेबलावरचं बोलतोय, पाहणी वगैरे नाही. ट्रेडमार्कही घ्यायला सांगतो. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गासाठी सरकारी फी ४,५०० रुपये आहे, आणि त्यासाठी अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनापर्यंत जायची गरज नाही. हे कागद हातात असले की निक्सीच्या लवादापुढे उभं राहताना पायाखाली जमीन असते.

अण्णांनी भांडण केलं नाही. त्यांना एका वकिलाने खर्चाचा अंदाज दिला, तो ऐकून ते म्हणाले, "यात नवं नाव आणि नवं पाऊच दोन्ही होतंय की." झालंही. पाऊचच्या छपाईत प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा असतो. पत्ता फक्त काळ्या रंगात होता म्हणून एकच सिलिंडर बदलावा लागला. जुने छापलेले रोल फेकवेनात, तेव्हा घरातल्या बायकांनी बसून पत्त्यावर स्टिकर लावले. आटपाडीच्या बाजूला अजून बिनस्टिकरची काही पाकिटं विकली जात असतील, आणि कुणीतरी चटणीची चौकशी करायला जाऊन रमीच्या टेबलावर पोचत असेल.

नवं डोमेन पाच वर्षांसाठी घेतलंय. केवायसी झाली, पॅन अण्णांचाच. मी प्रिंट काढून फाइलला लावताना बघितलं, ई-मेल मुलीचा होता. तिचं लग्न मे महिन्यात आहे, नवरा मुलगा दुबईला असतो. मी अण्णांना म्हटलं, आधी हा ई-मेल बदलून घ्या. ते म्हणाले, "लग्न होऊ द्या सर, मग बघू."